टिपरीच्या तीन रेघा

१२ जानेवारी

प्रिय टिपरी,

इकडे सगळं ठीक आहे. तू वेळेवर जेवतेस ना, हे तुझ्या आईंनी विचारायला सांगितलंय, म्हणून आधी तेच लिहून मोकळा होतो. तू नाटकाच्या दौऱ्यावर गेलीस आणि आई आपल्याकडे राहायला आल्या, तेव्हापासून त्या माझ्या सासू कमी आणि मुकादम जास्त झाल्या आहेत. भिंगरीचा पुढचा दात पडला. फोनवर ती तुला तोंड उघडून दाखवणार आहे, तेव्हा आधी कळलंच नव्हतं असं दाखव.

पत्र अशासाठी, की फोनवर तुझ्याशी बोलायला आपल्या घरात रांग लागते. आधी लेक, मग आई, आणि माझा नंबर येईपर्यंत तुमच्या नाटकाची बस सुटायची वेळ झालेली असते. मग मी 'फाईल मिळाली का' विचारतो आणि तू 'मिळाली' म्हणतेस. हे नवराबायकोचं बोलणं की कुरियरवाल्याचं, असा प्रश्न पडतो. त्यापेक्षा फाईलबरोबर चार ओळी जोडलेल्या बऱ्या.

तर, दुसऱ्या अंकाची तुझी ड्रमची पानं सोबत आहेत. मरणाच्या प्रवेशात तू मोठी झांज दणकावलीस आणि मेलेल्या राजाने डोळे उघडले, हे ऐकल्यापासून आई भाजी चिरताना मधेच हसत सुटतात. पण चूक माझी होती. ठोके रेघांवर मांडायच्या या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वाद्याला जागा नेमून द्यावी लागते. त्याचा ठोका कुठल्या रेघेवर दिसणार, गोल दिसणार की फुली, त्याची दांडी वर जाणार की खाली. मोठ्या झांजेला मी चौकट दिली होती, आणि तुमच्या संगीतकारांनी आयत्या वेळी घुसवलेल्या त्या छोट्या घंटेलाही चौकटच पडली. तुला बिचारीला काय कळणार? आता घंटेला त्रिकोण दिलाय. राजा सुखाने मरू दे.

बाकी सगळं तुझ्या पद्धतीने. तीन रेघा. खालची पायांनी वाजवायच्या मोठ्या ड्रमची, मधली स्नेअरची, म्हणजे मांडीसमोरच्या छोट्या ड्रमची, वरची झांजांची, आणि उरलेले ड्रम मधल्या जागांत. कातड्याला गोल, बाकीच्या धातूला फुली. जेवणाच्या सुट्टीत ही पानं मी आमच्या संगीताची पानं जुळवणाऱ्या कार्यालयातल्या छपाईयंत्रावर काढत होतो, तेव्हा आमच्या मुद्रितशोधकाने चष्मा वर करून विचारलं, "हे काय आहे? सगळं जग पाच रेघांवर वाचतं." मी म्हटलं, आमच्या घरी तीन.

तू पहिल्यांदा आमच्या कार्यालयात आलीस, क्लबातल्या बँडची पानं घेऊन, तेव्हा ड्रमच्या पानावरच्या पाच रेघा बघून विचारलं होतंस, "यातल्या दोन कुणाच्या?" कुठल्या शाळेत न जाता, नुसतं ऐकून शिकलेली, त्यात डावखुरी. मी तेव्हा हसलो. मग घरी जाऊन दोन रेघा काढून टाकल्या आणि बघत बसलो. पान खरंच मोकळं वाटलं.

तुझा ड्रमसेट पुढच्या खोलीत चादरीखाली आहे. आई त्याच्या कडेकडेने केर काढतात आणि झांजांना ताटल्या म्हणतात. भिंगरी स्टुलावर चढून बसते, पाय काही पोचत नाहीत. खोली फार गप्प झालीय, असं आई म्हणतात. मी चादरीचं टोक सारखं करतो.

तू मला खोडरबर म्हणतेस ते खोटं नाही. या पत्राचे पहिले दोन परिच्छेद मी खोडले आणि मग दाताचं लिहिलं.

तुमचा शेवटचा प्रयोग एप्रिलअखेर. भिंतीवरच्या कॅलेंडरावर खूण केलीय. आईंनी केलीय, मी नाही.

तुझा,
खोडरबर


३ मार्च

प्रिय टिपरी,

तुझा निरोप मिळाला आणि मी तो तीनदा वाचला. 'सगळी पानं पाच रेघांवर करून पाठव. नेहमीची पद्धत, कुणालाही वाचता येईल अशी.' एवढंच. कारण नाही, की नेहमीची चेष्टा नाही.

कारण मी विचारत नाही. मला समजलं, असं समज: शेवटच्या प्रयोगाची वाट न बघता तू परत येतेयस. तुझ्या जागी येणाऱ्या माणसाला तुझ्या तीन रेघा कशा कळणार? त्याला आधीपासून तयार करायला हवं, नाहीतर तुझ्या शेवटच्या आठवड्यात त्याची धांदल उडेल आणि तुला तिथेच अडकवून ठेवतील. शहाणी आहेस. मी मुद्दाम गप्प राहणार होतो. पण आई चहा घेऊन आल्या, त्यांनी खांद्यावरून पडद्यावर पाहिलं आणि विचारलं, या रेघा वाढल्या कशा? मग सांगावंच लागलं.

त्यानंतरचं काय वर्णन करू? चादर धुतली गेली. पुढच्या खोलीच्या खिडक्या दिवसभर उघड्या. शेजारच्या शिंपीणबाईंना कळलं, म्हणजे जिन्याने वरखाली करणाऱ्या सगळ्यांना कळलं. भिंगरीला इतक्यात सांगू नका, असं मी बजावलं होतं. संध्याकाळी ती शाळेतून आली तर दप्तर टाकायच्या आधी मला म्हणाली, "बाबा, आई आली की मी तिच्याजवळ झोपणार, तू बाहेर झोप." बरं म्हटलं.

पानं करायला रविवारची आख्खी सकाळ गेली, पण कंटाळा आला नाही. गंमत अशी, की ठोके तेच राहतात. जागा नेमून देण्याचा तक्ता बदलला की सगळं पान क्षणात दुसरं रूप घेतं. पाय खालच्या खणात गेले, स्नेअर वरून दुसऱ्या खणात बसला, झांजा पार छपराबाहेर गेल्या. मी बघत होतो आणि मला हे पान वाचायला अडचण नव्हती, दिवसभर असलीच पानं तर जुळवतो मी. तरी अनोळखी वाटलं. तू केस कापून आली होतीस, तेव्हा दार उघडल्यावर मला क्षणभर असंच झालं होतं.

नव्या माणसासाठी मी पानांवर बारीक अक्षरात सूचना टाकल्यात. तू पाठवतेस त्या पानांच्या फोटोंत पेन्सिलीने खरडलेलं असतं ना, त्यावरून. 'इथे राजा मुद्दाम थांबतो, त्याच्या खांद्याकडे बघ.' 'इथे घाई करायची नाही, गायिका श्वास घेते.' 'हा ठोका हलका, मागे बाळ झोपलंय असा.' हे तुझंच वाक्य आहे. त्याला उपयोगी पडेल. चांगला माणूस असू दे. तुझ्या स्टुलावर बसणार म्हटल्यावर मला त्याच्याबद्दल उगाच आपुलकी वाटायला लागलीय.

निघायची तारीख ठरली की कळव. स्टेशनवर कोण कोण येणार यावरून इथे आत्तापासून वाद आहेत.

वाट बघतोय असं लिहीत नाही, तुला आवडत नाही म्हणून.

तुझा,
खोडरबर


२१ मार्च

प्रिय टिपरी,

अभिनंदन. काल फोनवर नीट म्हणता आलं नाही, भिंगरी हात ओढत होती.

भिंगरी खाली खेळत होती. मला म्हणता आलं नाही, एवढंच खरं.

मोठ्या नाट्यगृहाचा कायमचा वाद्यवृंद, आणि त्यात तू. ऐकून शिकलेली, डावखुरी. दोन वर्षांचा करार म्हणजे त्यांनी तुला चांगलं पारखून घेतलं असणार. तिथे रोज दुसऱ्यांनी लिहिलेली पानं समोर येणार, म्हणून तुला पाच रेघांची सवय हवी होती. नवा माणूस वगैरे कुणी नाही, स्टुलावर तूच. तू ठरल्याशिवाय सांगायचं नाही म्हणालीस, तेही बरोबर. आम्हीच इकडे खिडक्या उघडून बसलो.

आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिला जमलं म्हणायचं." मग चादर परत घातली. भिंगरीने विचारलं, दोन वर्षांनी मी कितवीत असेन? सांगितलं. तिला ते फार लांब वाटलं नाही. उलट चौथीत गेल्यावर पेनाने लिहू देतात, म्हणून ती खूश झाली.

सोबत सरावाची पानं आहेत. पाच रेघाच ठेवल्यात, पण ठोक्यांना रंग दिलेत. पायांचे निळे, स्नेअरचे लाल, झांजांचे हिरवे. तुझ्या डोळ्यांना अजून खालची-मधली-वरची अशी सवय आहे, अचानक काळं रान दिसलं तर चुकशील. रंगांकडे बघत वाजव, हळूहळू जागा लक्षात राहतील. सवय झाली की सांग, मी रंग काढून टाकीन.

मला राग आलेला नाही. आलेला असता तर इतके रंग भरत बसलो नसतो.

आठ दिवस सुट्टी मिळेल म्हणालीस. घे. म्हणजे जमेल तेव्हा, तुझ्या सोयीने.

खोडरबर


६ मे

माझ्या टिपरी,

काल तुला स्टेशनवर सोडून घरी आलो तर कुणालाच जेवायचं नव्हतं. भिंगरी बूट न काढता झोपली. आईंनी तुझ्या ताटाची जागा पुसली आणि दिवा मालवला. आज मी कार्यालयात दुपारपर्यंत होतो आणि मग घरी आलो. का, ते पुढे लिहितो. आधी जे तोंडाने सांगितलं नाही ते.

सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी तू ड्रमवरची चादर काढलीस. मी पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर निघालो होतो, दारातच थांबलो. तू स्टँडवर नव्या नाट्यगृहाचं पान लावलंस. पाच रेघा, सगळं काळं, रंग नाहीत, माझ्या सूचना नाहीत. कुणा दुसऱ्या जुळणाऱ्याने केलेलं पान, बरंच दाटीवाटीचं. मला वाटलं, आता थांबशील आणि मान वळवून विचारशील, ही फुली कुठली रे. इतकी वर्षं विचारत आलीस. तू थांबली नाहीस. पान उलटलंस, तेही हात न अडखळता, आणि पुढे गेलीस.

भिंगरी तुझ्या पायाशी बसली होती. तिने विचारलं, "आई, तू बाबांची पानं नाही वाचत आता?"

तू म्हणालीस, "आता सगळ्यांची वाचता येतात गं."

साधं उत्तर होतं. मुलीला द्यायला योग्यच. मी बादली उचलून वर गेलो. पण जिन्यातही ऐकू येत होतं, आणि खरं सांगतो, तू आधी अशी वाजवत नव्हतीस. आधी चांगली वाजवायचीस. आता ठोक्यांच्या मधली जागासुद्धा तुझी झालीय. शिंपीणबाई दारात येऊन उभ्या होत्या, शिवणाचं यंत्र बंद करून. मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी भीतीही वाटली. दोन्ही एकदम होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तू चिमटे घेऊन वर आलीस. मी चिमटे खालीच विसरलो होतो. एक एक चिमटा हातात देत होतीस आणि आपण दोघं दोरीकडेच बघत होतो.

"तू एकदाही ये म्हणाला नाहीस," तू म्हणालीस.

"तूच सांगितलं होतंस. निघताना. ये म्हणू नकोस, म्हटलंस तर माझं तिथे लक्ष लागणार नाही."

"सांगितलं होतं. म्हणून इतकं ऐकायचं?"

मी भिंगरीचा फ्रॉक उगाच परत झटकला. तू म्हणालीस, "मला वाटलं, तुमचं माझ्यावाचून छान चाललंय. आई आहे, तू आहेस. तुझी पत्रं यायची, सगळी चेष्टा आणि दात आणि रेघा. मी वाचायचे आणि म्हणायचे, याला काही कमी पडलेलं नाही. म्हणून मी सही केली."

तेवढ्यात खालून भिंगरीने हाक मारली, दूध उतू गेलं होतं, आणि आपण धावत खाली गेलो. त्यानंतर पाच दिवस होतीस. एकदाही तो विषय मी काढला नाही, तू काढला नाहीस. मुलीला घेऊन फिरलो, तुझे बूट दुरुस्तीला टाकले, आईंच्या गुडघ्याचं औषध आणलं. स्टेशनवर मी काय म्हणालो? 'पाण्याची बाटली घेतलीस का.' गाडी हलली तेव्हा तू खिडकीतून काहीतरी बोललीस, मला ऐकू आलं नाही, आणि मी मान हलवली, जणू ऐकू आलं.

आज सकाळी आईंनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसल्या. एरवी त्या बसत नाहीत, उभ्यानेच हुकूम सोडतात. म्हणाल्या, "तुमचं काम कुठल्या टेबलावर होत नाही, ते सांगा मला."

मी म्हटलं, तसं कुठल्याही होतं.

"मग हेच टेबल का धरून बसलात?"

मी शाळेचं सांगितलं, घराचं सांगितलं, मग त्यांचं सांगितलं, की तुम्ही एकट्या कशा राहाल? त्यावर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय? माझं घर आहे, किल्ली माझ्या पदराला आहे. माझं निमित्त करू नका." माझ्या आयुष्यात कुणी मला इतकं नीट पकडलं नव्हतं. निमित्तच करत होतो मी. गेलो आणि तिथे तुला माझी गरज दिसली नाही तर, या भीतीला मी कधी शाळा म्हणत होतो, कधी सासू.

तर कार्यालयात गेलो. मालकांना सांगितलं, बायकोकडे राहायला जातोय, पानं तिथून जुळवून पाठवीन. त्यांनी बराच वेळ टेबलावरची कागदपत्रं सरळ केली, मग म्हणाले, बघू सहा महिने. मुद्रितशोधक म्हणाला, जाताना तुझी खुर्ची मला दे. तिथून शाळेत गेलो. निकाल लागला की भिंगरीचा दाखला मिळेल. तिला संध्याकाळी सांगितलं, आपण आईकडे राहायला जायचं. तिने एकच विचारलं, आजी कुठे झोपणार तिथे? आजीने ऐकलं होतं, पण पाठ वळवली.

दुपारपासून त्या खिडकीशी बसून भिंगरीचा स्वेटर विणताहेत. तू म्हणाली होतीस ना, तुझ्याकडे थंडी असते. मी सहज जवळ जाऊन पाहिलं तर बाह्या भलत्याच लांब. म्हटलं, या तिच्या बोटांच्याही खाली जातील. त्यांनी सुई थांबवली नाही. "वाढती पोर आहे. दोन वर्षं पुरायला हवा."

टिपरी, एक काम कर. त्यांना तू बोलाव. माझं ऐकणार नाहीत, भिंगरीचं हसण्यावारी नेतील. आणि त्या आपण होऊन काही म्हणणार नाहीत, तुझ्याच आई त्या. मी म्हणण्याची वाट बघत तू जशी राहिलीस, तशा त्या इथे राहतील. फोनवर नको, लिहून पाठव. चार वेळा वाचता येतं.

आणि माझं. तू सही केलीस, ती बरोबर केलीस. जिन्यात उभं राहून ऐकल्यावर हे मला कुणी वेगळं सांगायला नको. तू ते सोडून यावंस असं मी म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी तू येऊ नकोस. आम्हीच येतोय. तरी गेलं वर्षभर जे रोज सकाळी दाढी करताना म्हणत होतो, कपडे वाळत घालताना म्हणत होतो, तुझ्या प्रत्येक पानाची प्रत्येक रेघ ओढताना म्हणत होतो, ते एकदा तुझ्या हातात पडू दे. उशीर झालाय, आता त्याचा उपयोगही नाही.

ये. तुझ्यावाचून इथे काहीही छान चाललेलं नव्हतं.

वाट बघणं आज थांबवलेला आणि सामान बांधायला काढलेला,
तुझाच,
खोडरबर